साडेतीनशेचं तेल

आधी तिला उलटी करायची, कासवासारखी,
जेवणाच्या टेबलावर, कालच्या पेपरवर.
पोटाला धायरीच्या प्लॉटवरचा मुरूम,
आसाला गुंडाळलेली कुसळं
आणि एक लांब पांढरा केस.
तो आमच्याच घरातला.

मग दात घासायचा जुना ब्रश.
तो आणि मी एकाच वर्षी रिटायर झालो,
सुनंदा सांगते आल्यागेल्याला.

चाक फिरवायचं आणि कान लावायचा.
पिंपरीच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं हेच केलं:
बेअरिंग आधी बोलतं, मग मरतं.
पुढचं डावं बोलायला लागलंय.
पाच बाय दहा, रबरी सीलचं. नाना पेठेत
दुकानदार विचारतो, "कुठल्या गाडीचं?"
मी हातानं लांबी दाखवतो.
तो आतल्या पोराला हाक मारतो, बघायला ये म्हणून.

मोटरला तेराऐवजी पंधरा दातांचं पिनियन बसवलंय.
दोन दातांमधली फट मापायला
वीजबिलाची पट्टी फाडून मध्ये घालायची,
फिरवायची, काढायची.
कागद फाटला तर घट्ट,
नुसतीच सुरकुती पडली तर बरोबर.

शॉकचं तेल साडेतीनशेचं.
काठोकाठ ओतायचं, दांडा हळू वरखाली,
बुडबुडे वर येतात एकेक,
शेवटचा फार वेळ लावतो.
त्याच्यासाठी थांबायचं. तो आत राहिला
तर गाडी उडी मारते आणि बेडकासारखी पडते.
"काका, गुडघ्यातलं वंगण संपलंय," डॉक्टर म्हणाल्या.
मी विचारलं, कितीचं घालता?
त्यांनी सुनंदाकडे पाहिलं.

पहिल्या वर्षी पुढचा आर्म पाच वेळा मोडला.
प्लास्टिकचा. मला लाज वाटली, कारखान्यातल्या माणसाला.
भोसरीत इकबाल शिकलगारनं
भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमचा जोड कापून दिला,
आरशासारखा. पैसे घेतले नाहीत,
शेडमागे दोन फेऱ्या मारून घेतल्या.

आर्म मोडला नाही त्यानंतर.
गिअरबॉक्स फुटला.
तो धातूचा केला, तर चासी वाकली.
मार कुठं जिरत नव्हताच,
मी त्याला फक्त पुढच्या दाराशी धाडत होतो.

"साहेब," शिकलगार म्हणाला, चहा बशीत ओतत,
"एखादी वस्तू मोडायला ठेवावी. स्वस्तातली."

घरी येताना, नाशिक फाट्याच्या सिग्नलला,
मला शेलार आठवला.
ऑडिटच्या आठवड्यात वरून जे यायचं
ते जसंच्या तसं मी खाली त्याच्याकडे द्यायचो,
एक शब्द न गाळता.
नाव होतं माझं शॉपमध्ये: हा माणूस वाकत नाही.
शेलारनं एका सोमवारी राजीनामा दिला.
कारण मीच विचारलं,
आणि तो म्हणाला, "घरगुती."
सिग्नल हिरवा झाला होता, मागचा रिक्षावाला
बरंच काही बोलला.

आता पुन्हा प्लास्टिकचे आर्म.
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तीन जोड्या, जादाच्या पिना,
निळ्या थ्रेडलॉकची बाटली.
बॅटरी चार्जिंगला, बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत.
अ‍ॅल्युमिनियमची जोडी खिडकीत आहे,
सुनंदा तिच्याखाली दुधाची बिलं ठेवते.

रविवारी, साडेसहाला, धायरीच्या प्लॉटवर
(पाटी लागलीये, दिवाळीनंतर पाया खोदणार)
मातीच्या उंचवट्यावरून तिला सोडली.
चारही चाकं हवेत, आणि हवेत असताना
कसलाच आवाज नाही, फक्त मोटरचं बारीक किंचाळणं.
पडली. उजवं चाक दगडावर.
टक्.
सुपारी फुटल्यासारखं, एवढंच.
चासी हातानं चाचपली: सरळ.
गिअरबॉक्स: शाबूत.

डब्याच्या झाकणाच्या आतून
शेलारचा नंबर मार्करनं लिहून ठेवलाय.
नवा आर्म घेताना दर वेळी दिसतो.
पंधरा मिनिटांचं काम आहे,
चार स्क्रू, एक पिन.